ताज्या रक्ताचा आग्रह

रक्त जितकं ताजं तितकं चांगलं, या मताला नाशिकमध्ये विरोधक जवळपास नाहीत. नातेवाईक ते मानतात, पुष्कळसे डॉक्टर मानतात, आणि रक्तपेढीच्या खिडकीत बसलेला तंत्रज्ञ मानत नसला तरी वाद घालत नाही, कारण समोरच्या माणसाची आई त्या वेळी टेबलावर असते. पिशवीच्या लेबलवर बरंच काही छापलेलं असतं: रक्तगट, पिशवीचा क्रमांक, तपासण्यांचा निर्वाळा, रक्त काढल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख. नातेवाईक त्यातली नेमकी एकच ओळ वाचतो. "तीन तारखेचं? आज सत्तावीस झाली की हो. मागं दुसरी नाही का एखादी?"

सकाळी गोदाकाठच्या बाजारात मेथीची जुडी उलटून बघणाऱ्या माणसाने रक्ताच्या पिशवीलाही तीच कसोटी लावावी, यात नवल काही नाही. नवल हे की ही कसोटी डॉक्टरांच्या चिठ्ठीतही उतरते. रक्तगट आणि पिशव्यांची संख्या लिहून झाल्यावर कोपऱ्यात 'फ्रेश' असा शब्द येतो आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या जातात.

तांबड्या पेशींपुरतं बोलायचं तर हे मत चुकीचं आहे आणि नाशिकसारख्या जिल्ह्यात ते महागात पडणारं आहे, असं माझं म्हणणं आहे. पण खंडन करायचं तर पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावा, ही आपल्याकडची जुनी शिस्त. आणि या पूर्वपक्षात ताकद आहे.

तांबडी पेशी शरीराबाहेर चार अंश सेल्सियसला ठेवली की तिचं जगणं मंदावतं, थांबत नाही. पिशवीतली साखर ती हळूहळू खाते, आम्ल साठत जातं, ऊर्जेचा साठा घटतो. पेशीत २,३-डीपीजी नावाचं एक रसायन असतं; हिमोग्लोबिनने धरून आणलेला ऑक्सिजन ऊतींपाशी सुटावा, यासाठी ते लागतं. पहिल्या दोन आठवड्यांत ते जवळपास संपतं. पेशीतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. पेशीचा गोल खोलगट आकार बिघडतो, कडेला काटे फुटतात, अरुंद केशवाहिनीतून वाकून जाण्याची लवचिकता कमी होते. काही पेशी फुटतात आणि मोकळं झालेलं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड शोषून घेतं. या सगळ्याला मिळून साठवणुकीची इजा म्हणतात. ती कल्पनेतली नाही, प्रयोगशाळेत मोजलेली आहे.

मुदत कशी ठरते, तेही पाहण्यासारखं आहे. सीपीडीए-१ हे द्रावण असलेल्या पिशवीची मुदत ३५ दिवस. तांबड्या पेशी वेगळ्या काढून त्यात सॅगएम हे पोषक द्रावण घातलं तर ४२ दिवस. हे आकडे आले कुठून? साठवलेल्या पेशी निरोगी माणसाच्या शरीरात परत सोडायच्या आणि २४ तासांनी त्यांतल्या सरासरी किमान ७५ टक्के पेशी फिरताना दिसल्या पाहिजेत, असा निकष आहे. दुसरा निकष पिशवीत किती पेशी फुटल्या याचा. म्हणजे पाव हिस्सा पेशी एका दिवसात नाहीशा झाल्या तरी पिशवी उत्तीर्ण. रक्त घेणारा रुग्ण बरा होऊन घरी गेला की नाही, हा प्रश्न मुदत ठरवताना विचारलेलाच नव्हता. ताज्या रक्ताचे पाठीराखे या जागेवर बोट ठेवतात आणि ते बोट योग्य जागी आहे.

मग २००८ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचा अभ्यास आला. हृदयशस्त्रक्रिया झालेल्या सहा हजार रुग्णांच्या नोंदी. २,८७२ जणांना चौदा दिवसांच्या आतलं रक्त मिळालं होतं, ३,१३० जणांना त्याहून जुनं. रुग्णालयातच दगावणाऱ्यांचं प्रमाण ताज्या गटात १.७ टक्के, जुन्या गटात २.८ टक्के, वर्षभराचं पाहिलं तर ७.४ आणि ११ टक्के. हा अभ्यास जगभर गाजला. परिषदांतून त्याची चित्रं पडद्यावर झळकली आणि 'चौदा दिवस' हा आकडा डॉक्टरांच्या डोक्यात घट्ट बसला. इतका घट्ट, की पुढच्या दहा वर्षांत जे घडलं ते त्याला हलवू शकलेलं नाही.

पूर्वपक्ष एवढा. आता त्याचं काय होतं ते पाहू.

क्लीव्हलँडच्या अभ्यासात कुणाला कोणतं रक्त द्यायचं, हे संशोधकांनी ठरवलेलं नव्हतं. जे घडून गेलं त्याच्या नोंदी त्यांनी नंतर चाळल्या. अशा अभ्यासात दोन गट मुळातून सारखे असतील याची हमी नसते आणि इथे ते नव्हतेच. रक्तगटांचं प्रमाण वेगळं होतं, हृदयाच्या स्थितीबद्दलच्या काही नोंदीही वेगळ्या होत्या. शिवाय त्यांनी दिलेल्या आकड्यांचा भागाकार केला तर ताज्या गटातल्या रुग्णाला सरासरी ३.१ पिशव्या लागल्या होत्या आणि जुन्या गटातल्याला ३.४. फरक लहान आहे. पण जास्त पिशव्या कुणाला लागतात? ज्याचा रक्तस्राव जास्त, ज्याची शस्त्रक्रिया लांबली, ज्याची प्रकृती मुळात तोळामासा, त्याला.

हा पिशव्यांच्या संख्येचा घोळ या विषयावरच्या अनेक जुन्या अभ्यासांत आहे आणि तो कागदावर मांडून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. समजा, रक्तपेढीतल्या दर पाच पिशव्यांत एक जुनी आहे. ज्याला एकच पिशवी लागली, त्याच्या वाट्याला जुनी येण्याची शक्यता २० टक्के. ज्याला चार लागल्या, त्याला किमान एक जुनी मिळण्याची शक्यता ५९ टक्के. ज्याला दहा लागल्या, त्याला ८९ टक्के. आता 'एक तरी जुनी पिशवी मिळालेले' आणि 'एकही न मिळालेले' असे दोन गट पाडा. पहिल्या गटात दहा पिशव्यांचे, म्हणजे मरणाच्या दारातले रुग्ण आपोआप गोळा होतात. ते जास्त दगावले, तर दोष पिशवीच्या वयाचा की त्यांच्या आजाराचा? आकडेमोड करून हा परिणाम वजा करता येतो, असं म्हणतात. काही अंशी येतोही. पण खात्रीचा उपाय एकच: चिठ्ठ्या टाकून रुग्ण वाटायचे आणि मग वाट पाहायची.

तसं झालं, एकदा सोडून अनेकदा झालं. २०१५ साली कॅनडा आणि युरोपातल्या ६४ केंद्रांनी अतिदक्षता विभागातल्या २,४३० रुग्णांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला सरासरी ६.१ दिवसांचं रक्त, दुसऱ्याला २२ दिवसांचं. नव्वद दिवसांत दगावले ताज्या गटातले ३७ टक्के आणि जुन्या गटातले ३५.३ टक्के. त्याच वर्षी अमेरिकेतली हृदयशस्त्रक्रियेच्या १,०९८ रुग्णांवरची चाचणी आली, म्हणजे क्लीव्हलँडचंच मैदान. दहा दिवसांच्या आतलं रक्त विरुद्ध एकवीस दिवसांच्या पुढचं. अवयव निकामी होण्याच्या गुणांकात फरक नाही. २०१६ साली ऑस्ट्रेलिया, कॅनडा, इस्रायल आणि अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांनी वीस हजारांहून अधिक रुग्णांचा हिशेब मांडला: मृत्युप्रमाण ताज्या गटात ९.१ टक्के, जुन्यात ८.७. २०१७ साली ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने पाच देशांत अतिदक्षता विभागातल्या जवळपास पाच हजार रुग्णांची चाचणी झाली, तिथे २४.८ आणि २४.१. या शेवटच्या चाचणीत रक्त लावल्यावर ताप येण्याचं प्रमाण ताज्या गटात थोडं जास्तच निघालं.

दशांशचिन्हापुढच्या फरकांवरून 'जुनं रक्तच बरं' असा उलटा निष्कर्ष काढायचा मोह मला होत नाही. ते फरक योगायोगाच्या कक्षेतले आहेत. पण दर वेळी काटा ताज्याच्या बाजूला झुकायला हवा होता आणि एकदाही लक्षात येण्याइतका झुकला नाही, एवढं तरी मान्य करावंच लागेल.

मोठी माणसं सोडा, मुलांचं काय, असं विचारता येईल. कॅनडात १,२५० ग्रॅमहून कमी वजनाच्या ३७७ अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर चाचणी झाली. गुंतागुंत ताज्या गटात ५२.७ टक्के, नेहमीच्या गटात ५२.९. अतिदक्षता विभागातल्या १,४६१ मुलांवरची चाचणी २०१९ साली आली, निकाल तोच. या सगळ्यांत नाशिकने ज्या चाचणीकडे डोळे लावून बघावं, ती मात्र टोरांटोची नाही, बोस्टनचीही नाही. ती युगांडातली आहे.

कंपालातलं मुलागो रुग्णालय. सहा महिने ते पाच वर्षांची २९० मुलं. हिमोग्लोबिन पाच किंवा त्याहून कमी, अंगात ऑक्सिजनची टंचाई इतकी की रक्तात लॅक्टिक आम्ल साठलेलं; कारणं बहुतांशी मलेरिया आणि सिकलसेल. ऑक्सिजन पोहोचवणं हेच रक्ताचं काम इथे उघड्यावर मोजता येतं. डीपीजी संपलेलं जुनं रक्त हे काम करू शकत नसेल, तर ते याच मुलांत दिसायला हवं. एका गटाला दहा दिवसांच्या आतलं रक्त, दुसऱ्याला २५ ते ३५ दिवसांचं. प्रत्यक्षात मधलं वय ८ आणि ३२ दिवस. आठ तासांनी लॅक्टेट ठरलेल्या पातळीखाली आलेली मुलं ताज्या गटात ५८ टक्के, जुन्या गटात ६१ टक्के. महिन्याभराच्या जुन्या रक्ताने त्या मुलांच्या ऊतींना ऑक्सिजन तितकाच पोहोचवला. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आपल्या आदिवासी तालुक्यांतही सिकलसेल आहे, कुपोषणाने आलेला रक्तक्षय आहे. तिथल्या मुलाशी कंपालातल्या मुलाचं साम्य क्लीव्हलँडच्या हृदयरुग्णापेक्षा किती तरी जास्त आहे.

मग प्रयोगशाळेतली ती इजा गेली कुठे? गेली नाही, पण शरीर ती बरीचशी भरून काढतं. डीपीजी रक्त लावल्यानंतर काही तासांतच परत तयार होऊ लागतं आणि दोन-तीन दिवसांत पूर्ववत होतं. ज्या पेशी फार बिघडल्या, त्या प्लीहा पहिल्या दिवसातच वेचून काढते; उरलेल्या आपलं काम करतात. झिरपलेल्या पोटॅशियमची तीव्रता धडकी भरवणारी असली, तरी पिशवीतला द्रवच थोडा असतो आणि मोठ्या माणसाला ती पिशवी तास-दोन तास सावकाश लागते. नळीतलं मोजमाप आणि माणसातला परिणाम यांच्यामध्ये एक अख्खं शरीर उभं असतं. वैद्यकाच्या इतिहासात या जागी भले भले सिद्धान्त घसरले आहेत.

पूर्वपक्ष अजून संपलेला नाही. 'फरक दिसला नाही' म्हणजे 'फरक नाही' असं थोडंच आहे? बरोबर आहे. पण वीस हजारांच्या चाचणीत संख्याशास्त्राने आखून दिलेली मर्यादा ०.९५ ते १.१६ अशी आहे. म्हणजे ताज्या रक्ताचा फायदा असलाच तर तो मृत्यूच्या शक्यतेत शंभराला पाचाहून अधिक घट करणारा नसावा, आणि तोटा सोळापर्यंत असू शकतो. दुसरा आक्षेप अधिक टोकदार: या चाचण्यांनी ताज्याची तुलना मध्यमवयीन रक्ताशी केली, मुदत संपत आलेल्या रक्ताशी नाही. हा आक्षेप मी निम्मा मान्य करतो. सहाव्या आठवड्यातल्या रक्ताबद्दल शंकेला जागा आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात निरोगी स्वयंसेवकांना एक ते सहा आठवड्यांचं रक्त देऊन पाहिलं, तेव्हा सहा आठवड्यांच्या पिशवीनंतर पेशींचा नाश आणि रक्तात मोकळं लोह वाढलेलं दिसलं. मुदत पाच आठवडे करावी, असं त्यांनी सुचवलं. स्वीडन-डेन्मार्कच्या साडेआठ लाख रुग्णांच्या नोंदींत मात्र तीस ते बेचाळीस दिवसांच्या रक्ताने मृत्यू वाढल्याचं दिसत नाही. समजा, कोलंबियाचं मानून शेवटचा आठवडा सोडून दिला. तरी पस्तीस दिवस उरतात, आणि सीपीडीए-१ ची पिशवी तर तिथेच थांबते. सात दिवसांच्या आग्रहाला यातून काहीच आधार मिळत नाही.

तिसरा आक्षेप अस्सल इथला आहे आणि मला तो सगळ्यात वजनदार वाटतो. टोरांटोतली तीस दिवसांची पिशवी आणि आपल्याकडची तीस दिवसांची पिशवी एकच कशी? इथे वीज जाते, जनरेटर वेळेवर सुरू होत नाही, फ्रीजचं दार अर्धवट लागतं. खरं आहे. पण मग विचारायला हवं ते तापमानाच्या नोंदीबद्दल, तारखेबद्दल नव्हे. मे महिन्यात नातेवाईक रक्तपेढीतून पिशवी घेतो, कॅरीबॅगेत घालून स्कूटरच्या हँडलला अडकवतो, मुंबई नाक्याच्या सिग्नलला उभा राहतो, वाटेत औषधं घेतो आणि वॉर्डात आल्यावर ती पिशवी सलाईनच्या खोक्यावर पडून राहते, कारण डॉक्टर राउंडला गेलेले असतात. फ्रीजमधून निघालेली पिशवी अर्ध्या तासाच्या आत सुरू झाली नाही तर साठ्यात परत घेत नाहीत, आणि सुरू केली की चार तासांत संपवायची असते, असा जगभरचा नियम आहे. कारण उबेत जंतू वाढतात. ही पिशवी काल काढलेली असो की महिन्यापूर्वी, उन्हातला दीड तास दोघींना सारखाच घातक. हँडलला लटकणाऱ्या त्या पिशवीबद्दल 'ताजी आहे ना?' एवढंच विचारणारा नातेवाईक मी पाहिला आहे. बर्फाचा डबा मागणारा क्वचितच.

ताजेपणाचा हट्ट येतो कुठून, याचं एक कारण जुन्या वैद्यकात आहे. एकेकाळी रक्त सगळंच एकत्र, म्हणजे होल ब्लड म्हणून द्यायचे. चार अंशांत ठेवलेल्या प्लेटलेट शरीरात गेल्यावर टिकत नाहीत आणि गोठण्याला लागणारे काही घटकही दिवसागणिक कमी होतात. म्हणून रक्तस्राव थांबवायला चोवीस तासांतलं रक्त मागायची रीत पडली, आणि त्या काळी ती बरोबर होती. आता एकाच पिशवीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळ्या होतात. प्लेटलेट खोलीच्या तापमानाला हलवत्या यंत्रावर पाच दिवस, प्लाझ्मा उणे तीस अंशांत वर्षभर. पावसाळ्यानंतर डेंग्यूची लाट येते तेव्हा प्लेटलेटच्या ताजेपणाबद्दल काळजी करावी. तिथे ती रास्त आहे. पीसीव्हीच्या पिशवीला, म्हणजे निव्वळ तांबड्या पेशींना, तो नियम लावणं म्हणजे कारण संपल्यावरही प्रथा चालू ठेवणं.

आणि ताजं रक्त निर्धोक असतं हे तरी कुणी सांगितलं? जपानने याची मोठी किंमत मोजली. तिथे हृदयशस्त्रक्रियेत ताजं, शक्य तर घरच्या माणसाचं रक्त वापरायची पद्धत होती. शस्त्रक्रिया उत्तम होई आणि आठवड्या-दीड आठवड्याने रुग्णाला ताप येई, अंग लाल होई, मग रक्तपेशी कोसळत आणि रुग्ण जाई. उलगडा झाला तो असा: दात्याच्या जिवंत पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात रुजून त्याच्यावरच हल्ला करत होत्या. जवळच्या नात्यात पेशींची ओळख इतकी सारखी असते की रुग्णाचं शरीर त्यांना परकं मानून हाकलत नाही. दहातले नऊ रुग्ण यातून वाचत नाहीत. आजवरच्या बहुतेक घटनांत रक्त दहा दिवसांच्या आतलं होतं. साठवणुकीत या पांढऱ्या पेशी मरतात, म्हणून जुन्या रक्तात हा धोका नगण्य होतो. जपानने शेवटी रक्ताला किरण देणं सुरू केलं तेव्हा हे थांबलं. आपल्याकडे 'भावाचंच द्या, ताजं द्या' हा आग्रह अजून मायेपोटी होतो. सगळ्यात धोकादायक पिशवी मागायची झाली, तर ती नेमकी अशीच मागावी लागेल.

आग्रहाची सामाजिक किंमत निराळीच. 'कॉमन कॉज' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी आली. २००२ च्या राष्ट्रीय रक्तधोरणाने बदली रक्तदानही टप्प्याटप्प्याने संपवायचं ठरवलं. महाराष्ट्र शिबिरांतून रक्त गोळा करण्यात देशात आघाडीवर राहिला आहे. नाशिकमध्येही जिल्हा रुग्णालय, अर्पण, जनकल्याण अशा रक्तपेढ्यांचा आधार शिबिरांतलं ऐच्छिक रक्तदानच आहे. पण शिबिराचं रक्त म्हणजे साठ्यातलं रक्त. जयंती, गणेशोत्सव, एखाद्या नेत्याचा वाढदिवस, एका दिवसात शेकडो पिशव्या. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत दुष्काळ. हा चढउतार सहा आठवड्यांच्या मुदतीमुळेच झेपतो. सात दिवसांच्या आतलंच हवं म्हटलं, की बेचाळीस दिवसांच्या पिशवीचे पस्तीस दिवस वाया. मग नातेवाईकांच्या हाती उरतो व्हॉट्सॲपवरचा संदेश: 'बी निगेटिव्ह, ताजं, अर्जंट, गंगापूर रोड.' माणूस धावत येतो, रक्त देतो. त्यानंतर एचआयव्ही, दोन्ही काविळी, उपदंश, मलेरिया या तपासण्या व्हायच्याच असतात, आणि तोवर मागच्या फ्रीजमध्ये त्याच गटाची तपासलेली पिशवी पडून असते. जिथे गरज अशी केविलवाणी होते, तिथे दलालही उगवतो.

वाया जाण्याचं प्रमाण लहान नाही. २०१७ साली माहितीच्या अधिकारात बाहेर आलेल्या आकड्यांनुसार पाच वर्षांत देशभरात २८ लाखांहून अधिक पिशव्या आणि रक्तघटक टाकून दिले गेले. त्यातल्या काही दूषित निघालेल्या, काहींत गुठळ्या झालेल्या. पण मुदत उलटणं हेही त्यातलं एक कारण होतंच.

आणि मग सुरगाणा. तिथून नाशिक ऐंशी-नव्वद किलोमीटर, वाटेत घाट. बाळंतपणात रक्तस्राव सुरू झालेल्या बाईजवळ एवढा वेळ नसतो. ग्रामीण रुग्णालयांत रक्तसाठा केंद्रं असावीत यासाठी औषध कायद्याच्या नियमांत मुद्दाम सवलत आहे: वर्षाला दोन हजार पिशव्यांपर्यंत वापर असणाऱ्या केंद्राला पूर्ण परवान्याची अट नाही, मान्यता घेऊन मोठ्या रक्तपेढीकडून पिशव्या आणून ठेवता येतात. अशा केंद्रात पिशवी दोन-तीन आठवडे पडून राहणार, हे गृहीतच आहे. न वापरलेली पिशवी मुदतीआधी शहरात परत यावी आणि लगेच कुणाला तरी लागावी, तरच हे चक्र चालतं. शहरातले डॉक्टर ती परत आलेली पिशवी 'जुनी' म्हणून नाकारू लागले, तर रक्तपेढी पुढच्या वेळी तालुक्याला पिशव्या देताना हात आखडेल. गंगापूर रोडवरच्या चिठ्ठीतल्या 'फ्रेश' या शब्दाची किंमत सुरगाण्यातली बाळंतीण मोजते.

अपवाद आहेत आणि ते नीट सांगितले पाहिजेत, कारण ताज्या पिशव्या राखून ठेवायच्या त्या त्यांच्यासाठीच. काविळीत नवजात बाळाचं सगळं रक्त बदलायचं असेल, किंवा तान्ह्या मुलाला थोड्या वेळात खूप रक्त द्यायचं असेल, तर पोटॅशियमची भीती खरी आहे. तिथे पाच-सात दिवसांच्या आतलं रक्त वापरतात. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी दोन आठवड्यांच्या आतल्या पेशी देण्याची शिफारस आहे. मृत्यूचा प्रश्न तिथे नसतो. कोवळ्या पेशी शरीरात जास्त दिवस टिकाव्यात आणि दर दोन-तीन आठवड्यांनी होणारी फेरी थोडी लांबावी, शरीरात लोह कमी साठावं, हा हिशेब असतो. आयुष्यभर रक्त घेणाऱ्याच्या बाबतीत तो हिशेब पटतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या साठीच्या गृहस्थांनी आठ दिवसांची पिशवी हट्टाने घेतली, तर ती याच मुलांच्या वाट्यातून जाते.

त्या गृहस्थांना रक्त हवं होतं का, हा प्रश्न तर बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. १९९९ साली कॅनडात अतिदक्षता विभागातल्या ८३८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावरच रक्त देणं हे दहाला देण्याइतकंच सुरक्षित ठरलं. नऊ हिमोग्लोबिनला 'शक्ती यावी म्हणून' लावलेली एक पिशवी कितीही ताजी असली तरी अनाठायीच.

नाशिकला हा वाद आता पुस्तकी ठेवता येणार नाही. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थात पंचवटीतल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. अशा वेळी जखमींना वाचवतं ते आधीच तपासून फ्रीजमध्ये ठेवलेलं रक्त. बातमी ऐकून रांगेत उभ्या राहिलेल्या दात्यांचं रक्त तपासून हाती येईपर्यंत पहिले तास निघून गेलेले असतात. पुढच्या सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला, सोमवारी आहे. त्या आठवड्यात रस्ते बंद असतील, शिबिरं भरवता येणार नाहीत, दाते घरात अडकलेले असतील. म्हणजे साठा जुलैतच करावा लागेल. ११ जुलैच्या रविवारी एखाद्या शिबिरात भरलेली पिशवी त्या सोमवारी बरोबर २२ दिवसांची झालेली असेल. कॅनडा-युरोपातल्या त्या २,४३० रुग्णांच्या चाचणीत जुन्या गटाला मिळालेल्या रक्ताचं सरासरी वय हेच होतं.